निघणारे छप्पर : सोय की डोकेदुखी?

जुन्या मोटारींच्या नादाला लागलेली माणसे एकत्र जमली की दोन विषयांवर हमखास वाद होतो. गाडीला मूळ रंग ठेवावा की नवा द्यावा, हा एक. आणि काढता येणारे छप्पर असलेली गाडी घ्यावी की तिच्या वाटेलाच जाऊ नये, हा दुसरा. रंगाचे सोडा. छपराचा वाद मात्र आपल्यासारख्या पावसाच्या मुलखातल्या माणसाने नीट समजून घ्यावा असा आहे.

आधी प्रकार पाहू. वरचा एकच आडवा तुकडा निघतो आणि मागे भक्कम कमान उरते, ती टार्गा. मधोमध पुढून मागे एक पट्टी राहते आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या निघतात, तो टी-टॉप. वरून पाहिले तर इंग्रजी टी अक्षर दिसते, म्हणून ते नाव. टार्गा हे नाव सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ या शर्यतीवरून आले. पोर्शेने ती अनेकदा जिंकली होती आणि १९६५ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात आपली ९११ टार्गा मांडताना तेच नाव उचलले.

पण कल्पना त्याहून जुनी. अमेरिकन रचनाकार गॉर्डन ब्युरिग यांनी टी-टॉपचे पेटंट १९५१ मध्येच मिळवले होते. इंग्लंडच्या ट्रायम्फ टीआर४ ला १९६१ पासून मागे पक्की काच आणि वर निघणारा पत्रा, अशी सोय मिळत असे. गंमत म्हणजे तो पत्रा गाडीत मावतच नसे! तो घरी ठेवून निघायचे, आणि वाटेत पावसाने गाठलेच तर सोबतचे कापडी छत ताणायचे. त्या छताला सरे टॉप म्हणत.

मग हा प्रकार एवढा फोफावला कसा? निव्वळ हौसेने नव्हे, भीतीने. गाडी उलटली तर उघड्या गाडीतला माणूस वाचत नाही, म्हणून अमेरिकन सरकार पूर्ण उघड्या गाड्यांवर बंदी आणेल, असे साठीच्या दशकाच्या अखेरीपासून कारखानदारांना वाटू लागले होते. बंदी काही आली नाही, पण धास्तीने काम केले. १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो तर शेवटची अमेरिकन उघडी गाडी म्हणून विकली गेली. त्या काळात वारा हवा आणि डोक्यावर आधारही हवा, यावरची तडजोड म्हणजे ही निघणारी छपरे. १९६८ मध्ये शेव्हरले कॉर्व्हेट टी-टॉप घेऊन आली. १९७६ पासून पॉंटिअॅक फायरबर्डला ते मिळू लागले, आणि १९७७ च्या 'स्मोकी अँड द बँडिट' या चित्रपटातल्या काळ्या ट्रान्स अॅमने तर लोकांना वेडच लावले.

आता फायदे. हे छप्पर म्हणजे आपल्या गोव्यातल्या घराचे बाल्कांव. धड घरात नाही, धड बाहेर नाही, आणि म्हणूनच सर्वांत सुखाचे. पूर्ण उघड्या गाडीसारखा वारा कानात घोंघावत नाही, कापड फाटण्याची चिंता नाही, उलटल्यास कमानीचा आधार असतो. काहींनी तर फळी ठेवण्याचीही छान सोय केली. १९७२ च्या फियाट एक्स१/९ मध्ये ती पुढच्या डिकीत सपाट बसते आणि सामानाला जागाही उरते.

तोटेही खरे आहेत. छप्पर हा गाडीच्या सांगाड्याचा ताण पेलणारा भाग. तो कापला की गाडी पिळवटते. १९६८ च्या कॉर्व्हेटला मुळात एकसंध निघणारे छप्पर द्यायचे होते. सांगाडा ताठ राहीना म्हणून मधली पट्टी आली. १९८४ च्या नव्या कॉर्व्हेटमधून ती पट्टी काढली, तर दाराखालचे उंबरठे इतके उंच ठेवावे लागले की आत बसणे ही कसरतच झाली. शिवाय तिची फळी पान्याने बोल्ट सोडवूनच निघते.

आणि गळती! प्रत्येक फळीभोवती रबरी बीडिंग असते. उन्हाने ते कडक होते, चिरते, आणि पाणी आत येते. सीट भिजणे ही त्यातली किरकोळ गोष्ट. जुन्या कॉर्व्हेटचे अंग फायबरचे, त्याला गंज नाही; पण आतला काचेभोवतीचा पोलादी पिंजरा मुकाट्याने गंजत राहतो. बाहेरून नवरी, आतून पोखरलेली. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस आणि वर समुद्राची खारी हवा. म्हणजे विचारायलाच नको.

म्हणून काही शहाणे सुचवतात की फळ्या कायमच्या चिकटवून टाका, म्हणजे कटकट मिटेल. दुसऱ्या टोकाचे हौशी बंद छपराची जुनी गाडी कापून तिला टार्गा करू पाहतात. माझ्या मते दोघेही चूक.

पहिले कारण जिवाचे. कारखान्यात छप्पर कापताना खालचा सांगाडा जाड केलेला असतो. गल्लीतल्या गॅरेजमध्ये कापणारा फक्त पत्रा कापतो. दुसरे कारण कायद्याचे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेत असे फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची तर ती मूळ रूपात असावी लागते. एका कटरने किंवा एका डबा चिकट मसाल्याने तो मान घालवायचा का?

तिसरे कारण मला सर्वांत मोठे वाटते. या फळ्या म्हणजे एका काळाच्या भीतीचा आणि हौसेचा दस्तऐवज आहेत. त्या चिकटवल्या की गाडी उरते, गोष्ट जाते.

मग गळतीचे काय? आपण कौलारू घरात राहणारी माणसे. कौले गळतात म्हणून वर स्लॅब ओतायला सगळेच धावले नाहीत; पाऊस यायच्या आधी शाकारणी करत आलो. तसेच इथे. दरवर्षी मे महिन्यात बीडिंग तपासा, चिरले असेल तर बदला, पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या साफ करा, गालिचा उचलून खालचा पत्रा पाहा. जून ते सप्टेंबर गाडी छपराखाली, हवा खेळेल अशा जागी ठेवा. एवढे होणार नसेल तर बंद छपराची गाडी घ्या, त्यात काही कमीपणा नाही. पण घेतलीत तर ती उघडीच राहू द्या. डिसेंबरातल्या एखाद्या गार सकाळी फळ्या डिकीत टाकून निघालात की मे महिन्यातली मेहनत वसूल होते.