देवी निजते, मग आपण का नाही?

मैत्रिणींनो, तुळजापूरची आई भवानी वर्षातून तीन वेळा निजते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शारदीय नवरात्राआधी घोर निद्रा, दसऱ्यानंतर श्रम निद्रा आणि शाकंभरी नवरात्राआधी मोह निद्रा. मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. महिषासुराशी लढून देवी दमली, तिला विश्रांती हवी, हे सगळ्यांना मान्य. तुळजापुरात कित्येक घरांतून त्या दिवसांत गादी-पलंग वापरत नाहीत, इतका तिच्या झोपेचा मान. आणि घरातली बाई दुपारी अर्धा तास आडवी झाली, तर? "दिवसाढवळ्या लोळतीय बघा!"

असं मीसुद्धा बोलले आहे, म्हणून आज हा विषय. आमच्या बचत गटात पन्नाशी ओलांडलेल्या एक काकू आहेत. बैठक सुरू झाली, की दहा मिनिटांत त्यांची मान खाली. कधी चक्क घोरायच्या. "काकू, हप्ता स्वप्नातच भरला का?" असं एकदा मी म्हटलं आणि सगळ्यांना हसवलं. काकूही ओशाळून हसल्या. नंतर दोन महिने त्या आल्याच नाहीत.

मी घरी गेले, तर म्हणाल्या, "ताई, नवाला पडते मी. पर सकाळी वाटतं, रातभर दगडं वाहिली." ब्लडप्रेशरच्या दोन गोळ्या चालू, तरी ते खाली येत नव्हतं. निघताना सुनेनं मला दारापाशी गाठलं. हळूच म्हणाली, "घोरता घोरता मधीच आवाज बंद होतो त्यांचा. मग दचकून श्वास घेतात. मला लई भ्या वाटतं." किती दिवस हे ती बघत होती! पण सासूच्या घोरण्याबद्दल सुनेनं बोलायचं कसं, म्हणून गप्प.

या आजाराला डॉक्टर स्लीप अॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, दहा-दहा सेकंद किंवा त्याहूनही जास्त वेळ श्वास थांबतो. मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो. रात्रभर हेच. मग आठ तास पडूनही झोप म्हणावी अशी होतच नाही. रक्तदाब वाढतो, हृदयविकाराचा, पक्षाघाताचा धोका वाढतो. आपण समजतो, घोरणं हे पुरुषांचं. पण पाळी गेल्यावर बायकांमध्येही हा त्रास बराच वाढतो. फक्त बाई घोरते हे सांगायची घराला लाज वाटते आणि तिला स्वतःला ते कळत नाही.

दुसऱ्या टोकाला न झोपणाऱ्या बाया आहेत. सास्तूर, लोहारा, उमरगा भागात फिरताना साठी-सत्तरीच्या बायकांशी झोपेबद्दल बोला. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव गाढ झोपलं होतं आणि दगड-मातीच्या भिंतींखाली झोपेतच गेलं. त्यातून वाचलेली एक आजी मला म्हणाली, "झोपले व्हते म्हणूनच लेकरू गेलं." अजूनही पहाटे तिला जाग येते, ती उठून अंगणात येऊन बसते. तिला घर नवं मिळालं, पत्र्याचं झालं, सिमेंटचं झालं. झोपेचं कुणी विचारलं नाही.

अशा बाया मग मेडिकलमधून झोपेची गोळी आणतात, चिठ्ठीशिवाय. कुणी शेजारणीच्या डब्यातली घेतं. या गोळ्यांची सवय लागते, म्हाताऱ्या माणसाचा रात्री उठताना तोल जातो. आठवड्यात तीन रात्री झोप नाही आणि हे तीन महिने चाललं, तर तो आजार समजायचा आणि डॉक्टरांना सांगायचं. निद्रानाशावर गोळीखेरीज बोलून, सवयी बदलून करायचे उपचारही आहेत. 14416 या टेलिमानसच्या नंबरावर फोन करून मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

पुरुषांचंही बरं चाललंय असं नाही. रात्रीच्या लाइटीला पाणी धरून आलेला माणूस सकाळी तसाच डुलक्या घेत मोटारसायकल काढतो, हे शेतकऱ्याच्या घरात नवं नाही. पण तो दुपारी झोपला, तर घर पोरांना दबकं बोलायला लावतं. सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत बायकांचे दिवसाला 289 मिनिटं घरकामात जातात, पुरुषांचे 88. मधल्या त्या दोनशे मिनिटांत एक डुलकी बसायला हरकत नसावी!

काकूंना आम्ही दोघी-तिघी सोलापूरला घेऊन गेलो. रात्रभर तारा लावून तपासणी झाली. सुनेनं सांगितलं तेच निघालं. वजन कमी करा, कुशीवर झोपा आणि झोपताना हवेचा दाब देणारं यंत्र तोंडावर लावा, असं डॉक्टर म्हणाले. यंत्र महाग आहे. मुलगा म्हणतो, मोटारसायकलचे हप्ते संपू देत, मग बघू. सून म्हणते, माझं मंगळसूत्र मोडा. काकू म्हणतात, "मला काय झालंय? नुसतं घोरते." येत्या बैठकीत गटातून कर्ज द्यायचा विषय मी ठेवला आहे. त्या दिवशी काकूंना डुलकी लागली, तर त्यांना कुणी उठवू नये, एवढं मी आधीच सांगून ठेवलंय.