चार वर्षांच्या बोटांना घाई कशाची?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील वाडीच्या भजनात पेटी वाजवतात. त्यांच्यामुळेच मला सूर कळले आणि त्या जोरावर जूनपासून मारुती मंदिराजवळच्या एका घरी मी चार वर्षांच्या मुलीला पियानो शिकवते. पियानो म्हणजे विजेवरचा. आपल्याकडे त्याला सगळे कॅसिओच म्हणतात. या शिकवणीतून माझा एस.टी.चा पास आणि पुस्तके निघतात. म्हणून हे लिहिण्यापूर्वी दोनदा विचार केला.

पहिल्याच दिवशी वहिनी म्हणाल्या, “जानेवारीत शाळेचं गॅदरिंग आहे. तोवर हिच्याकडून दोन्ही हातांनी एक गाणं बसवून घे.” मी ‘हो’ म्हटले. मग महिनाभर त्या पोरीच्या बोटांवर माझी बोटे ठेवून पट्ट्या दाबत राहिले. चार वर्षांची करंगळी ती केवढी! दाबताना पेर आत वाकते. चुकले की पोर आईच्या तोंडाकडे बघे. एके दिवशी माझी चाहूल लागताच ती पलंगाखाली जाऊन बसली. त्या संध्याकाळी घरी परतताना मला माझीच लाज वाटली.

वडिलांनी मला असे कधीच शिकवले नव्हते. मी त्यांना टेकून नुसता भाता हलवी. पट्टीला बोट लावण्याआधी कितीतरी दिवस त्याच चाली कानांवर पडत होत्या.

जपानचे व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांनी याच गोष्टीची रीतसर पद्धत केली. मूल मातृभाषा शिकते तसेच संगीत शिकेल, हे त्यांचे म्हणणे. आधी ऐकणे, मग वाजवणे, स्वरलिपी त्यानंतर. आणि आई किंवा वडील धड्याला शेजारी बसलेले. पुढे हीच पद्धत पियानोलाही आली.

कोणी कुमार गंधर्वांचे नाव घेईल. बेळगावजवळच्या सुळेभावीला १९२४ साली जन्मलेल्या या मुलाने लहानपणीच भल्याभल्यांना थक्क केले, हे खरेच. पण तेव्हा ते रेकॉर्डी ऐकून गात होते. मुंबईला देवधर मास्तरांकडे शिक्षण झाले ते नंतर. कान आधी तयार होता. (आणि कुमार गंधर्व काही घरोघरी जन्मत नाहीत!)

आपल्यापैकी पुष्कळजण शिकवण्या करतात, म्हणून स्पष्टच लिहिते : इतक्या लहान मुलाला दोन हात, परीक्षा आणि स्टेज यांच्या मागे लावू नये. दहा मिनिटे पुरेत. आता आम्ही पट्ट्यांवर ‘दोन काळ्यांचे घर’ आणि ‘तीन काळ्यांचे घर’ शोधतो. दोनांच्या घराच्या डाव्या दाराशी आमचा ‘सा’ राहतो. आधी तो गायचा, मग एका बोटाने धुंडाळायचा.

गॅदरिंगचे गाणे होणार नाही, हे मी वहिनींना सांगून टाकले. धड्याला तुम्हीही शेजारी बसा, असेही म्हटले. त्या जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “दिवाळीनंतर बघू.” तोवर मी जाते आहे. परवा पोर दारातच उभी होती, ‘सा’ सापडला म्हणून सांगायला.