आजारी कोंबडी विकू नये

गेल्या थंडीत आमची तांबडी कोंबडी पिसं फुगवून कोपऱ्यात बसली. दाणे टाकले तरी उठेना. शेजारची काकू म्हणाली, "मरायच्या आधी कापा, नाहीतर बाजारात विका." मला ते पटलं नाही.

आजीने तिला इतर कोंबड्यांपासून वेगळी, पडवीत डालग्याखाली ठेवली. खाली कोरडं पोतं घातलं. वारा लागू नये म्हणून रात्री वरूनही पोतं टाकलं. मी कोमट पाणी आणि भिजवलेल्या कण्या दिल्या. हात लावला की साबणाने हात धुतले. चौथ्या दिवशी ती अंगणात उकरू लागली!

सगळ्याच कोंबड्या वाचतात असे नाही. मानमोडी रोगावर औषध नाही. त्याची लस आधीच द्यावी लागते. म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना विचारावे. पण आजारी कोंबडी विकली तर रोग दुसऱ्याच्या खुराड्यात जातो. त्याच्या सगळ्या कोंबड्या मरू शकतात. ही लबाडी आहे, असे माझे मत आहे.

तांबडीच्या अंड्यांच्या पैशातून माझी वही आली. मग तिच्या आजारपणात आपण तिला चार दिवस द्यायला नकोत का?