यंत्र वर्गात, शिक्षक एकाकी

सीबीडी बेलापूर ही कार्यालयांची वस्ती आहे. कोकण भवन, सिडको भवन, महापालिकेचे मुख्यालय, रिझर्व्ह बँकेचे कार्यालय आणि त्यांच्या आसऱ्याने वाढलेली लहानमोठी दफ्तरे यांतून रोज सकाळी हजारो कर्मचारी लोकलमधून उतरून आपापल्या टेबलाकडे जातात. या टेबलांवर संगणक येऊन आता बराच काळ लोटला. ते आले तेव्हा भल्याभल्या कारकुनांची त्रेधा उडाली. परंतु यंत्र अडले तर हाक मारावी असा एक माणूस त्या कार्यालयात, निदान त्या इमारतीत, बसलेला असे. आजही असतो. छपाईयंत्रात कागद अडकला तरी दूरध्वनी फिरतो आणि कोणीतरी येतो. शासनाने कारकुनाला यंत्र दिले आणि यंत्राबरोबर माणूसही दिला, म्हणूनच फाइलींचा कारभार बऱ्यावाईट रीतीने का होईना, पडद्यावर आला.

या कार्यालयांपासून दहा मिनिटांच्या अंतरावरील कोणत्याही पालिका-शाळेतील शिक्षिकेची स्थिती याहून फार वेगळी आहे. वर्गातला पडदा तास सुरू होताच अंधारला, तर समोर चाळीस मुले आणि हातात खडू एवढेच तिच्याजवळ उरते. हाक मारावी असे कोणी नसते. मुख्याध्यापक तक्रारीचा अर्ज वर पाठवितात, पुरवठादाराचा माणूस सवडीने येतो, आणि तोवर तो धडा मागे पडलेला असतो. असे दोनतीनदा घडले की शहाणी शिक्षिका त्या पडद्याचा नाद सोडते. मग तिच्यावर ठपका येतो, की शिक्षक नवे तंत्र स्वीकारण्यास तयार नाहीत.

हा ठपका तपासून पाहण्याजोगा आहे. महाराष्ट्रातील शिक्षक तंत्रज्ञानापासून दूर आहे असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. तो दिवसातून कित्येक वेळा मोबाइल हातात घेतो. परंतु तो बहुधा वरच्या कार्यालयासाठी. २०१५ मध्ये 'सरल' ही संगणकीय प्रणाली आली आणि प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती शाळेतून भरली जाऊ लागली. त्याखेरीज देशपातळीवरील 'यूडायस'ची माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, झालेल्या कार्यक्रमांची छायाचित्रे, प्रशिक्षणाच्या जोडण्या, आणि सायंकाळपर्यंत पाठवाच म्हणून गटावर येणारे निरोप. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकाला जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे. माहिती भरणे हे अशैक्षणिक काम नव्हे, असा युक्तिवाद कार्यालये करू शकतील. पण त्यात गेलेला तास वर्गाच्याच वाट्यातून वजा होतो. यंत्राची शिक्षकाला झालेली पहिली ओळख ही अशी, तगादा लावणाऱ्या वसुली कारकुनासारखी आहे. त्याच यंत्राकडे त्याने शिकविण्याचा सोबती म्हणून पाहावे, ही अपेक्षा सहजासहजी पुरी होणारी नाही.

यात नवे काही नाही, हे जुने दाखले पाहता कळते. १९८४ साली केंद्र सरकारने 'क्लास' या नावाने संगणक-साक्षरतेची योजना आखली आणि देशातील सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश बनावटीचे संगणक बसविले. त्यांच्यासोबत आलेले कार्यक्रम इंग्रजीत होते आणि मुळात इंग्लंडमधील मुलांना समोर ठेवून रचलेले होते. त्याच वर्षी पुण्यात 'बालचित्रवाणी' स्थापन झाली. तिने मराठी मुलांसाठी मराठीत शैक्षणिक कार्यक्रम तयार केले, ते दूरदर्शनवरून प्रक्षेपित झाले, आणि हे काम 'क्लास'पेक्षा कितीतरी आपल्या मातीतले होते. परंतु तेथेही प्रक्षेपणाची वेळ एकीकडे ठरे आणि शाळेचे वेळापत्रक दुसरीकडे. शिक्षकाला मध्येच थांबवून मुलांना प्रश्न विचारता येत नसे, उद्याच्या धड्याशी आजच्या कार्यक्रमाची सांगड घालता येत नसे. पुढे संस्थेच्या पगाराचीच ओढाताण सुरू झाली आणि २०१७ मध्ये शासनाने ती बंद केली. आज प्रत्येक खिशात चित्रपट दाखविणारे यंत्र आहे, शिक्षक हवे तेथे ते थांबवू शकतो, आणि नेमक्या अशा वेळी मराठीत शैक्षणिक चित्रपट करण्याचा तीन दशकांचा अनुभव असलेली संस्था आपल्यापाशी नाही. या विसंगतीबद्दल महाराष्ट्रात जेवढी चर्चा व्हावयास हवी होती तेवढी झाली नाही.

बेलापूरहून फार दूर नसलेल्या कर्जत तालुक्यातील एका धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये एक निराळा प्रयोग झाला. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही अमेरिकेत जन्मलेली चळवळ भारतात प्रथम तेथे उतरली. पहिली ते चौथीची वीस-बावीस मुले आणि चारही इयत्ता सांभाळणारा एक शिक्षक. त्या संस्थेची एक प्रशिक्षिका कित्येक दिवस शाळेत येऊन शिक्षकाबरोबर काम करीत होती, ही त्यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. पेरू या देशाने तीच चळवळ राष्ट्रीय प्रमाणावर नेली आणि आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. आंतर-अमेरिकी विकास बँकेने २०१२ मध्ये त्याचे मूल्यमापन प्रसिद्ध केले तेव्हा गणितात आणि भाषेत मुलांची प्रगती झाल्याचे दिसून आले नाही. त्याच खंडातील उरुग्वेने २००७ पासून सर्व सरकारी शाळांत लॅपटॉप दिले. मात्र लवकरच त्याला उमगले, की यंत्राच्या पाठोपाठ माणूस गेला पाहिजे. तेथे शाळांमध्ये सहायक शिक्षकाचे स्वतंत्र पद निर्माण झाले. या शिक्षकाचे काम एकच: सहकाऱ्याच्या वर्गात त्याच्यासोबत उभे राहणे.

शिक्षकाला या मदतीची गरज का भासते, हे शाळेबाहेरच्यांना चटकन कळत नाही. बटणे दाबावयास शिकणे अवघड नाही. ते शिक्षक घरच्या मुलाकडूनही शिकतो. अवघड आहे ते कोणत्या धड्यात, कोणत्या क्षणी, कशासाठी पडदा उघडावा आणि केव्हा तो मिटावा, हे ठरविणे. बेलापूरच्याच मुलांचे उदाहरण घ्यावे. नकाशावाचन हा भूगोलातील रुक्ष भाग समजला जातो. वर्गात उपग्रहावरून घेतलेला बेलापूरचा नकाशा उघडला तर मुले प्रथम आपले घर शोधतात, मग शाळा, मग मित्राचे घर. येथपर्यंत तो खेळ आहे, आणि बहुतेक तास येथेच संपतात. जाणता शिक्षक येथून पुढे जातो. पनवेलच्या खाडीचे पाणी कोठून येते, काठचा गडद हिरवा पट्टा कशाचा, किल्ल्याची जागा नेमकी तेथेच का निवडली गेली, पारसिकच्या टेकडीला पांढरट चरे का पडले आहेत, असे प्रश्न तो विचारतो. मग तो पडदा बंद करतो आणि मुलांना कागदावर तोच परिसर आठवणीने काढावयास लावतो. कोणाच्या नकाशात खाडी उत्तरेला जाते, कोणाची रेल्वे पाण्यातून धावते, आणि त्या चुकांवरून कोणाला दिशा उमगल्या नाहीत हे शिक्षकाला कळते. पडद्याने येथे जे दिले ते फळ्याला देता आले नसते. पण शिक्षणाचा खरा भाग पडदा मिटल्यावर घडला. कोणाही पुरवठादाराच्या पुस्तिकेत ही युक्ती सापडणार नाही. ती एका शिक्षकाने दुसऱ्याला शिकवावी लागते, आणि तीही प्रत्यक्ष वर्गात.

दुसरे उदाहरण भाषेचे. चाळीस मुलांचे प्रकट वाचन रोज ऐकणे कोणाही शिक्षकाला शक्य नाही. पण दिवसाला पाच मुलांचे एकेक मिनिटाचे वाचन ध्वनिमुद्रित करून ठेवले, तर दीड-दोन आठवड्यांत सारा वर्ग ऐकून होतो, आणि तीन महिन्यांनी तेच मूल कोठवर आले हे त्या मुलाला आणि त्याच्या आईलाही ऐकविता येते. यासाठी महागडा पडदा लागत नाही. शिक्षिकेच्या पर्समधला मोबाइल पुरतो. अडचण एवढीच की तो त्या वेळी पोषण आहाराची नोंद करण्यात गुंतलेला असतो.

महाराष्ट्रात या क्षेत्रात जे जे नाव घेण्यासारखे झाले ते शिक्षकांनीच केले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून त्यामागे आपल्या विद्यार्थ्यांना लागेल असे साहित्य ठेवण्याची त्यांची कल्पना होती. ते साहित्य कोणत्या मुलासाठी केले हे त्यांना ठाऊक होते. पुढे 'बालभारती'च्या पुस्तकांत सर्वत्र कोड आले आणि त्यामागे केंद्राचे 'दीक्षा' व्यासपीठ उभे राहिले. सोय मोठी झाली यात शंका नाही. मात्र कोड छापला म्हणजे डिसले यांनी केलेले काम शाळाशाळांत पोहोचले, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा या आदिवासी पाड्यावर संदीप गुंड यांनी शाळा डिजिटल केली, तेव्हा ती पाहावयास दूरदूरचे शिक्षक गेले, परत येऊन त्यांनी गावकऱ्यांकडून वर्गणी जमविली आणि आपापल्या शाळांत प्रयोग केले. हा प्रसार परिपत्रकाने झालेला नाही. पाहून, विचारून झालेला आहे. तसे बसविलेले अनेक संच पुढे वीजबिल थकल्याने निपचित पडले, ही आपल्या कारभाराची तऱ्हा. गावाने पडदा द्यावा आणि शासनाने वीज तोडावी!

प्रशिक्षणे होत नाहीत असे मुळीच नाही. उलट ती भरपूर होतात. राज्यपातळीवर काहींना शिकवावयाचे, त्यांनी जिल्ह्याला, जिल्ह्याने तालुक्याला, तालुक्याने केंद्राला, ही पद्धत जुनी आहे. डोंगरावरून निघालेला ओढा सपाटीवर येईतो जसा आटतो तसे त्यातील ज्ञान आटत जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. ते तास आता बऱ्याच अंशी पडद्यावरूनच भरतात, आणि चित्रफीत पुरी झाली की प्रमाणपत्र मिळते. चित्रफीत चालली हे यंत्राला कळते; समोर कोणी बसले होते की नाही, हे कळत नाही. मुलांना केवळ चित्रफीत लावून देणारा शिक्षक आळशी ठरतो, मग शिक्षकांना केवळ चित्रफीत लावून देणाऱ्या खात्याला काय म्हणावे?

एक आक्षेप येथे गंभीरपणे घ्यावयास हवा. मुलांना जे हवे ते ती स्वतःच मोबाइलवर शिकतील, आणि आता तर प्रश्नाचे उत्तर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही आली. मग शिक्षकावर एवढा खर्च कशाला, असे विचारणारे पालक सुशिक्षितांत वाढत आहेत. ग्रामीण भारताची 'असर' पाहणी २०२४ साली झाली. तिच्यात १४ ते १६ या वयाच्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो काहीतरी अभ्यासासाठी वापरला होता, आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. यंत्र हाती आल्याने मूल आपोआप विद्यार्थी होत नाही, हे या आकड्यांवरून दिसते. ज्याच्या घरी शिकलेली आई-वडील मंडळी आहेत, जागा आहे, शिकवणी आहे, त्याचे निभावून जाईल. तुर्भ्याच्या झोपडवस्तीतल्या किंवा बेलापूरच्या डोंगरउतारावरील मुलाला मात्र तयार उत्तर चुकीचे आहे हे सांगणारा माणूस शाळेखेरीज कोठेच भेटत नाही. त्याच्या शिक्षकाकडे दुर्लक्ष झाले तर नुकसान त्याचे होते. महापे-ऐरोलीच्या पट्ट्यात देशातील मोठमोठी डेटा केंद्रे उभी राहिली आहेत, आणि त्याच शहरात ही दरी रुंदावते आहे.

नवी मुंबईला याबाबतीत एक सोय आहे, जी मेळघाटाला किंवा गडचिरोलीला नाही. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचे हे शहर एका दिवसात पालथे घालता येते. दर आठ-दहा शाळांमागे एक मार्गदर्शक शिक्षक नेमला आणि त्याला स्वतःच्या वर्गातून दोन वर्षांसाठी मोकळे केले, तर तो आठवड्या-पंधरवड्यातून एकदा प्रत्येक शाळेत पूर्ण दिवस थांबू शकेल. त्याने भाषण देऊ नये, अहवाल मागू नये. सहकाऱ्याबरोबर एक धडा ठरवावा, वर्गात त्याच्या बाजूला उभे राहावे आणि पडदा अडला तर तो चालू करून द्यावा. नोंदी भरण्यासाठी दोनतीन शाळांत मिळून एक लिपिक दिला, तर शिक्षकाचा मोबाइलही शिकविण्यासाठी मोकळा होईल. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाच्या आठवड्याचे ४५ तास मोजताना पूर्वतयारीचा वेळ त्यात धरलेला आहे. तो वेळ वेळापत्रकात दाखविला गेला पाहिजे, आणि त्या तासाला कोणतीही माहिती मागवू नये, असा आदेश निघण्यास पैसाही लागत नाही. पडद्यांच्या खरेदीत जी रक्कम दर वेळी खर्ची पडते, तिच्यातील काही भाग या पदांसाठी बाजूला काढणे महापालिकेला जड जाऊ नये.

अशी माणसे मिळतील का, ही शंका कोणी काढील. २०२० च्या पावसाळ्यात शाळा बंद होत्या तेव्हा अनेक शिक्षकांनी स्वतःच्या खर्चाने इंटरनेट घेतले, धडे ध्वनिमुद्रित करून पाठविले, ज्यांच्या घरी मोबाइल नव्हता त्यांच्या वस्तीत जाऊन ओट्यावर वर्ग भरविले, आणि सह्याद्री वाहिनीवरची 'टिलीमिली' मालिका कोणी पाहिली याची चौकशी घरोघर केली. त्यांना कोणी प्रशिक्षण दिले नव्हते. त्यांची नावे त्या त्या शाळेत आजही सर्वांना ठाऊक आहेत. मुख्याध्यापकांना विचारले तर ते शिपायाच्या हाती चिठ्ठी देऊन लगेच बोलावून घेतील.