साहेबांसाठी थांबलेली पंगत

वैशाख पौर्णिमेला आपल्या घराघरांत खीर शिजते. मुलांना उन्हाळ्याच्या सुट्या असतात, त्यामुळे नात्यातले पाहुणेही याच दिवसांत येतात. सकाळी विहारात वंदना आणि दुपारी घरी पंगत, हा आता आपला रिवाज झाला आहे. पण त्या पंगतीत आधी कोण बसतो, शेवटी कोण बसतो आणि कोण कोणासाठी थांबतो, याचा विचार आपण करतो काय? मीही करत नव्हतो. माझ्याच घरी फजिती झाली तेव्हा डोळे उघडले.

आम्ही नागपूरला राहतो. गावाकडून मामा-मामी आणि त्यांची नातवंडे पहाटेच्या एसटीने निघून दहालाच घरी पोहोचली. चुलतभाऊ मात्र मोठ्या हुद्द्यावरचे अधिकारी. त्यांनी एक वाजताची वेळ दिली होती. एक वाजला, दोन वाजले. साहेब आल्याशिवाय पाने कशी मांडायची, म्हणून मी सगळ्यांना थांबवून ठेवले. मामी लेकरांना बिस्किटे आणि पाणी देऊन गप्प करत होती. साहेब आले सव्वातीनला. पाने मांडली, खिरीच्या गंजावरचे झाकण काढले, तर आंबूस वास! नागपूरचा मे महिना आणि सकाळी आठला शिजलेली दुधाची खीर. दुसरे काय होणार?

मी काय केले? चारचौघांत बायकोवर ओरडलो, "एवढी साधी खीर सांभाळता आली नाही?" ती पहाटे चारपासून चुलीजवळ उभी होती. ती काही बोलली नाही. साहेब ओशाळून म्हणाले, "अरे, मी एका कार्यक्रमात जेवूनच आलो. मला फोन केला असता तर सांगितले असते, तुम्ही जेवून घ्या." मामा तेवढे बोलले, "बापा, साहेबाले भूक नसन लागली, पण या पोरायले तं लागली होती ना!"

खीर उन्हाने नासली हे खरे, पण तिला सात तास ठेवली माझ्या लाचारीने. साहेबांनी थांबा म्हटलेच नव्हते. हुद्दा पाहून वाकण्याची सवय माझीच होती, आणि दोष मात्र मी बायकोच्या माथी मारला.

त्या रात्री मला बाबासाहेबांच्या लहानपणचा प्रसंग आठवला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात त्यांनी तो स्वतः लिहून ठेवला आहे. साल 1901. उन्हाळ्याच्या सुटीत ते, त्यांचे बंधू आणि भाचे वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाले. तेही सुटीतले पाहुणेच होते. येत असल्याचे पत्र पाठवले होते, पण नोकराने ते वडिलांना दिलेच नाही. मसूर स्टेशनवर घ्यायला कोणी आले नाही. जात कळताच गाडीवान तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन, मुलांनी स्वतः गाडी हाकावी या अटीवर गाडी मिळाली. सोबत जेवणाचा डबा होता, पण कोणी पाणी देईना. अन्न जवळ असून ती मुले उपाशी झोपली. पत्र न पोहोचणे ही कोणत्याही घरात होणारी चूक. त्या चुकीतून उपासमार झाली ती जातीमुळे.

आज आपल्या लेकरांना आपल्याच घरात, अन्न शिजलेले असताना, एका हुद्द्यासाठी ताटकळत ठेवायचे काय? वरच्यापुढे वाकायचे आणि खालच्याला थांबवायचे, हीच तर वर्णव्यवस्थेची शिकवण. उंबरठ्याबाहेर आपण तिच्याशी लढतो आणि स्वयंपाकघरात तिलाच पाट देतो!

तथागतांच्या संघात असे नव्हते. उपाली न्हावी आणि शाक्य राजपुत्र एकत्र प्रव्रज्येसाठी आले, तेव्हा आधी उपालीला दीक्षा दिली गेली. कारण संघात ज्येष्ठता दीक्षेच्या क्रमाने ठरते. त्यामुळे राजपुत्रांना आपल्याच न्हाव्याला वंदन करावे लागले. ज्यांच्या जयंतीची खीर आपण शिजवतो, त्यांचा हा धडा आहे.

दुसरी गोष्ट घरातल्या बाईची. आपल्या किती घरांत बाई पंगतीला बसते? पुरुष उठतात, मुले उठतात, मग ती उरलेसुरले घेऊन चुलीपाशी बसते. भाजी संपली असेल तर चटणीवर भागवते. जुलै 1942 मध्ये नागपुरातच झालेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, समाजाची प्रगती ते स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. पत्नीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, दासी होऊ नये, हेही तिथेच सांगितले. मग ही मोजपट्टी आपल्या पंगतीला लावून पाहायला नको काय?

पाहुण्यांचीही जबाबदारी आहे. किती माणसे येणार आणि कधी पोहोचणार, हे आदल्या दिवशी कळवावे. उशीर होत असेल तर "आमच्यासाठी थांबू नका" असा निरोप आपणहून द्यावा. पानात टाकू नये. पंचशील घेतलेल्या घरात बाटली घेऊन येऊ नये. मीठ कमी पडले म्हणून बाईला टोमणा मारू नये. आणि यजमानाने ठरलेल्या वेळी पाने मांडावीत. लेकरे आणि म्हातारी माणसे आधी. साहेबाला स्टीलचे ताट आणि गावच्या मामाला पत्रावळ, असे करू नये. वाढायला पुरुषांनीही उठावे. खीर नासली तर गूळ-पोळी वाढावी, पण कोणाचा अपमान वाढू नये.

साहेबांबद्दल माझ्या मनात किल्मिष नाही. आपली मुले अधिकारी झाली ती बाबासाहेबांच्या पुण्याईने, त्याचा अभिमानच आहे. त्यांना मान द्यावा, पण तो दुसऱ्याच्या भुकेतून कापून देऊ नये.

बायकोची माफी मी दुसऱ्या दिवशी मागितली. ती म्हणाली, "माफी राहू द्या, पुढच्या पौर्णिमेला माझे पान आधी मांडा." बंधूंनो, आमच्या घरी आता तिचे पान पहिल्या पंगतीत असते. तुमच्या घरी?

जयभीम!