दुधाचे दात पडणारच, पण कधी?

‘दुधाचे दात पडणारच, मग एवढा बाऊ कशाला?’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. पडणार हे खरे. पण पुढचे दात ६-७ व्या वर्षी पडतात, दाढांना १०-१२ वर्षांपर्यंत काम करायचे असते. किडून एखादी दाढ आधीच काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला वाट उरत नाही. शिवाय ६ व्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे एक दाढ निघते. ती पक्की असते. पण कोणताही दात न पडता आल्याने घरचे तिलाही दुधाचीच समजतात.

पत्रलेखकांनी सारा दोष चॉकलेटवर ढकलला आहे. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाचे काय? झोपेत लाळ कमी सुटते, दूध दातांवर तसेच राहते आणि वरचे पुढचे दात आधी किडतात. त्यापेक्षा जेवणासोबत खाल्लेला लाडू परवडला.

पेस्टमधल्या फ्लोराइडची भीतीही अवाजवी वाटते. ३ वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, ६ पर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. ब्रशभर पट्टा फक्त जाहिरातीत शोभतो. चंद्रपूर-यवतमाळकडील ज्या गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे मात्र डॉक्टरांना विचारलेले बरे. आणि पत्रात जिची भलामण आहे ती मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती मुलांच्या हाती नकोच. रात्रीचा ब्रश ७-८ वर्षांपर्यंत मोठ्यांनीच करून द्यावा.

— एक वाचक, सातारा