टाइपरायटरच्या खडखडाटाचं एवढं कौतुक कशाला?

जुन्या टाइपरायटरचा विषय निघाला की आपल्या इंदूरच्या मराठी घरांत एकच सूर लागतो: "काय तो आवाज होता!" आणि घरातलं पोरगं पहिल्या पगारातून मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायला निघालं की काका-मामा हटकून सांगतात, "निळ्या स्विचचा घे रे, टकटक वाजणारा. आजोबांची आठवण येईल."

माझं मत उलट आहे. टंकलेखक आजोबांची खरी आठवण ठेवायची असेल, तर लिनियर घ्या.

माझे वडील कोर्टाच्या कामाचं टायपिंग करायचे. रविवारीसुद्धा घरी मशीन चालू. तो खडखडाट आम्हा भावंडांना गोड वाटायचा, कारण बोटं आमची नव्हती! चार कार्बन प्रती काढायच्या म्हणजे प्रत्येक अक्षर ठोकावं लागे. शिफ्ट दाबली की मशीनच्या आतला जड भाग हलायचा, आणि तो हलवायचा करंगळीनं. रात्री आई त्या करंगळीला कोमट तेल लावून द्यायची. वडिलांनी त्या आवाजाचं कौतुक केलेलं मी एकदाही ऐकलं नाही. "हात हलका हवा" एवढंच म्हणायचे.

तो हलका हात लिनियर स्विचमध्ये आहे. रचना साधी. निळ्या स्विचमध्ये वाटेत एक अडथळा असतो आणि मुद्दाम 'टक्' वाजणारा तुकडा असतो. तपकिरीत नुसता अडथळा, टक् नाही. लिनियरमध्ये दोन्ही नाहीत. दांडी सरळ खाली, स्प्रिंग हळूहळू घट्ट होत जाते, सोडली की वर. चेरी कंपनीचा लाल स्विच घेतलात तर एकूण प्रवास ४ मिलिमीटर, आणि २ मिलिमीटरवरच अक्षर उमटतं. त्यासाठी जोर लागतो ४५ सेंटिन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने ४५ ग्रॅम वजनाएवढा. त्यांच्याच काळ्या लिनियरला ६०. आकडा छोटा वाटतो, पण पानभर लिहून बघा.

आता आवाज. लिनियर म्हणजे मुका, असं समजू नका. बटण तळाला टेकताना एकदा आणि परत वर आपटताना एकदा, असा आवाज येतोच. पण तो लाकडी पाटावर बोट वाजवल्यासारखा येईल की स्टीलच्या वाटीसारखा, हे स्विचचं प्लास्टिक, बटणांची जाडी, कीबोर्डचा सांगाडा आणि खालचं टेबल मिळून ठरवतात. कोरड्या स्विचची दांडी किंचित घासते, काहींची स्प्रिंग किणकिणते. आत चांगल्या ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवला की दोन्ही जातं. आमच्याकडे खाली जाडसर कापड आहे, तेवढ्यानेही फरक पडला. शेजारच्या खोलीत नात झोपलेली असली तरी मी लिहू शकतो, आणि मला तर हे निळ्याच्या टकटकीपेक्षा कितीतरी श्रीमंत वाटतं.

मराठीसाठी तर लिनियरच, हे मी ठासून म्हणतो. इन्स्क्रिप्ट मांडणीत मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. जोडाक्षर आलं की मध्ये हलन्त. म्हणजे 'स्त्र' लिहायला पाच वेळा बटण दाबायचं. शिवाय ख, घ, थ, ध, भ सगळे शिफ्टवर. आपला ळ 'ल'च्या बटणावर शिफ्टने, ण 'म'च्या बटणावर शिफ्टने. 'शाळा' या एवढ्याशा शब्दाला दोनदा शिफ्ट! म्हणजे करंगळीची सुटका आजही नाही. तिथे जड स्प्रिंग किंवा मधला अडथळा कशाला हवा?

पोरं म्हणतील, बोलून टाइप होतं, रोमनमध्ये लिहिलं तरी देवनागरी होतं, मग बोटांची चिंता कशाला? होतं खरं. पण आमच्या घरी पुढची पिढी शाळेत हिंदी-इंग्रजी शिकली. तिला 'कळ' आणि 'कल' यांतला फरक बोटांनी करावा लागला, तर तो डोक्यात राहतो. फोन सुचवेल ते स्वीकारून तसा राहत नाही, हे मी नातीवरच बघतोय. आणि लिहिताना बोटं दुखली, तर ती दुसऱ्या दिवशी कीबोर्डकडे फिरकणार नाही.

लिनियरचा त्रासही सांगतो. बोट नुसतं टेकवून बसायची सवय असेल तर नको ते अक्षर उमटतं, आणि देवनागरीत भलत्या जागी हलन्त पडला की शब्दाचा अवतार होतो. ज्यांचा हात जड आहे त्यांनी लाल नको, काळा घ्यावा. देवनागरी छापलेली बटणं सहज मिळत नाहीत. मी स्टिकर लावलेत, 'क' आणि 'र'चे आत्ताच पुसट झालेत.

आणि घेण्याआधी बोट लावून बघा. माझ्याकडे लाल, काळे, निळे असे सुटे चार-चार स्विच डबीत पडलेत. राजवाड्याकडे येणं झालं तर घरी या, संध्याकाळी असतो मी.